मुदतवाढीचे राज्य, पात्रतेचा बळी

३१ मार्च २०१५. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने सेवेत असलेल्या अपात्र शिक्षकांना पात्र होण्यासाठी घालून दिलेली ही अखेरची तारीख. ती उलटली आणि काहीही घडले नाही. दोन वर्षांनी, २०१७मध्ये, संसदेने कायदा दुरुस्त केला आणि तीच तारीख मागील प्रभावाने सरकवून ३१ मार्च २०१९ अशी केली. तीही उलटली. त्यानंतर आदेश निघाले, त्या आदेशांविरुद्ध याचिका झाल्या, याचिकांवर स्थगिती आली, स्थगितीवर पुन्हा याचिका झाल्या. अखेर १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आणि सेवेतील शिक्षकांना पात्रता मिळविण्यासाठी आणखी दोन वर्षे दिली.

१ एप्रिल २०१० रोजी हा कायदा लागू झाला, तेव्हा जे बालक पाटी-दप्तर घेऊन पहिलीच्या वर्गात बसले होते, ते या निकालाच्या दिवशी एकवीस वर्षांचे झाले होते. त्याची शाळा संपली, महाविद्यालय संपत आले. गुरुजींची मुदत मात्र संपली नव्हती!

शिक्षकभरती आणि पात्रतेच्या तारखा यांवरून गेली पंधरा वर्षे देशभरच्या न्यायालयांत जे खटले चालले, त्यांकडे सामान्य वाचक ‘नोकरीची भांडणे’ म्हणून पाहतो आणि पान उलटतो. हे अनास्थेचे पाहणे आपल्याला परवडणारे नाही. कारण या खटल्यांच्या मुळाशी एक अगदी साधा प्रश्न आहे : राज्याने स्वतः जाहीर केलेला शब्द राज्यावर बंधनकारक आहे की नाही? जाहिरातीतली तारीख हा शासनाने समस्त तरुणांशी केलेला करार आहे. तो करार मोडण्याची सवय ज्या राज्याला लागते, तेथे पात्रता मिळविणारा मूर्ख ठरतो आणि मुदतवाढीची वाट पाहत बसणारा शहाणा ठरतो.

कायदा संदिग्ध नाही

या विषयावरचा कायदा मुळातच धूसर आहे, असा एक समज हेतुतः पसरविला जातो. तो खोटा आहे. १९९० साली आंध्र प्रदेशातील विजयनगरम् येथील समाजकल्याण निवासी शाळेतील एका शिक्षकपदाचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जाहिरातीत द्वितीय श्रेणीतील पदव्युत्तर पदवीची अट होती. निवड झालेल्या उमेदवाराकडे ती श्रेणी नव्हती. त्या वेळी न्यायालयाने जे सांगितले, ते प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर चौकट करून ठेवावे असे आहे. जाहिरातीत मागितलेल्या अर्हतेपेक्षा कमी अर्हतेच्या माणसाला नेमणे हा नेमणारा आणि नेमला गेलेला या दोघांपुरता मामला नाही. अट वाचून ज्यांनी प्रामाणिकपणे अर्जच केला नाही, अशा सर्वांची ती फसवणूक आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. न्यायालयाच्या दृष्टीसमोर कोण उभा आहे? याचिकाकर्ता नव्हे, प्रतिवादीही नव्हे. ज्याचे नाव खटल्याच्या कोणत्याही कागदावर नाही, तो घरी बसलेला तरुण उभा आहे. त्याने वर्तमानपत्रातील जाहिरात वाचली, ‘आपला निकाल अजून लागलेला नाही, आपण पात्र नाही’ असे मनाशी म्हटले आणि कागद घडी करून ठेवला. त्याच्यासारख्याच दुसऱ्या एकाने मात्र नियमाकडे दुर्लक्ष करून अर्ज भरला, वशिला लावला किंवा न्यायालयातून अंतरिम आदेश आणला आणि तो नोकरीत शिरला. नियम पाळणाऱ्याला शिक्षा आणि मोडणाऱ्याला बक्षीस, ही ज्या समाजाची रीत होते, त्या समाजाने आपल्या मुलांना शाळेत सचोटीचे धडे तरी कशाला द्यावेत?

जम्मू-काश्मीरमधील कनिष्ठ अभियंत्यांच्या भरतीचे प्रकरण असेच उद्बोधक आहे. तेथे १९८२च्या जाहिरातीनुसार अर्जाच्या अखेरच्या दिवशी काही उमेदवारांचा पदवीचा निकाल लागलेला नव्हता. मुलाखतीपूर्वी तो लागला. १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यांना पदरात घेतले. पण १९९७मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पुनर्विलोकनात ते मत चुकीचे ठरविले आणि नि:संदिग्ध दंडक घालून दिला : पात्रता पाहायची ती अर्जाच्या अखेरच्या दिवशी, मुलाखतीच्या दिवशी नव्हे. कारण एकच. तारीख ठाऊक असती की शिथिल होणार आहे, तर आणखी कितीतरी जणांनी अर्ज केले असते. पुढे, नियमांत तारीख असेल तर ती, नसेल तर जाहिरातीतली आणि तीही नसेल तर अर्ज स्वीकारण्याची अखेरची तारीख, हा क्रमही न्यायालयांनी लावून दिला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, भरतीप्रक्रिया सुरू झाल्यावर, नियमांनी तशी मुभा दिलेली नसेल तर, खेळाचे नियम मध्येच बदलता येणार नाहीत.

म्हणजे १९९० ते २०२४ अशी चौतीस वर्षे न्यायासनाने एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगितली. मग खटले थांबत का नाहीत? कारण खटले कायद्याच्या संदिग्धतेतून निघत नाहीत. ते शासनाच्या चालढकलीतून निघतात.

सरकारची घड्याळे

महाराष्ट्राचाच हिशेब मांडू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१०च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे आपल्या परिचयाची टीईटी, आवश्यक केली. ११ फेब्रुवारी २०११च्या मार्गदर्शक सूचनांत राज्यांनी ही परीक्षा वर्षातून किमान एकदा घ्यावी, असे सांगितले. ‘पुरोगामी’ महाराष्ट्राने ही परीक्षा अनिवार्य करणारा शासन निर्णय केव्हा काढला? १३ फेब्रुवारी २०१३ला. आणि पहिली परीक्षा केव्हा घेतली? १५ डिसेंबर २०१३ला. कायद्याने पात्र होण्यासाठी जी पाच वर्षे दिली होती, त्यांतील पावणेचार वर्षे परीक्षा नावाची वस्तूच राज्यात अस्तित्वात नव्हती!

पुढचा प्रवासही तसाच. नोव्हेंबर २०२१मध्ये परीक्षा झाली आणि त्यानंतरची थेट नोव्हेंबर २०२४मध्ये. वर्षाला एक परीक्षा घेण्याची सूचना असताना २०२२ आणि २०२३ ही दोन वर्षे कोरडी गेली. नदीवर पूल बांधायचा नाही आणि पलीकडे वेळेत का पोहोचला नाहीस म्हणून दंड करायचा, असा हा न्याय.

बरे, परीक्षा झाल्या त्या तरी निर्मळ होत्या काय? २०१९-२० सालच्या परीक्षेत पैसे घेऊन नापासांना पास केल्याचा प्रकार उघडकीस आला आणि डिसेंबर २०२१मध्ये राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. २०२२मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे त्या परीक्षेतील यश परिषदेला रद्द करावे लागले. कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागायची? रात्रंदिवस अभ्यास करून दोन गुणांनी हुकलेल्या मुलीला या बातमीने काय वाटले असेल, याचा विचार मंत्रालयाच्या कोणत्या मजल्यावर होतो?

तिसरी गंमत नियुक्त्यांची. मे २०१२पासून राज्यात शिक्षकभरतीवर निर्बंध होते. फेब्रुवारी २०१३पासून टीईटी अनिवार्य होती. तरीही अनेक खासगी अनुदानित संस्थांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्यांच्या नेमणुका होत राहिल्या आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयांतून त्यांना ‘वैयक्तिक मान्यता’ मिळत राहिल्या. या मान्यता आभाळातून पडल्या नाहीत. संस्थाचालकाने देणगी घेतली, कार्यालयाने सही दिली आणि ३१ मार्च २०१९ नंतर आदेश निघाला तो कोणावर? केवळ त्या शिक्षकावर. त्याची सेवा संपवा, त्याचे वेतन शासकीय तिजोरीतून देऊ नका. असे शिक्षक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेले. २०२१मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. न्यायालयाने कायद्याप्रमाणे केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण देणगी घेणाऱ्यांचे आणि सही करणाऱ्यांचे काय?

दिल्लीची घड्याळे महाराष्ट्राहून फार वेगळी चालतात, असेही नाही. २८ जून २०१८च्या अधिसूचनेने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. पदवीधारकांना दार उघडले गेले. लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र वेगळे, त्यासाठी डी.एड.चे प्रशिक्षण वेगळे, हे ठाऊक असूनही. राजस्थानातून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी ती अधिसूचना रद्द झाली. एप्रिल २०२४मध्ये न्यायालयानेच खुलासा केला की, त्या तारखेपूर्वी नियमित नेमले गेलेल्यांना सेतू अभ्यासक्रमाच्या अटीवर संरक्षण राहील. ११ ऑगस्टच्या आत ज्याच्या हाती नियुक्तिपत्र पडले तो वाचला. ज्याच्या हाती ते उशिरा पडणार होते त्याच्यासाठी दार बंद. दोघांचे शिक्षण एक, श्रम एक, चूक कोणाचीच नाही. चूक अधिसूचना काढणाऱ्याची आणि शिक्षा तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला.

उत्तर प्रदेशातील ‘शिक्षामित्रां’ची कथा तर याहून करुण आहे. कंत्राटी मानधनावर घेतलेल्या सुमारे पावणेदोन लाख सहायकांना मतांवर डोळा ठेवून राज्य सरकारने पात्रतेतून सूट देऊन कायम केले. सूट देण्याचा तो अधिकार राज्याला नव्हताच. २५ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते समायोजन बेकायदा ठरविले. सरकारने दान म्हणून जे वाटले, ते वाळूचे घर निघाले. राज्यकर्त्यांच्या दयाबुद्धीवर विसंबणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

शिक्षकांचे गाऱ्हाणे : खरे किती, खोटे किती?

आता १ सप्टेंबर २०२५च्या निकालाकडे वळू. या निकालानुसार ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरला आहे, त्यांना टीईटीविना सेवेत राहता येईल, पदोन्नती मात्र मिळणार नाही. ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हावे. न झाल्यास सेवा सोडावी लागेल, निवृत्तिलाभ नियमांप्रमाणे मिळतील. या निर्णयाने शिक्षकवर्गात मोठी खळबळ माजली आणि डिसेंबर २०२५मध्ये महाराष्ट्रात शाळा बंद ठेवून आंदोलनही झाले.

शिक्षकांचा संताप सर्वस्वी अनाठायी आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१०च्या अधिसूचनेच्या चौथ्या परिच्छेदात आधी नेमल्या गेलेल्यांना नव्या किमान अर्हतेतून सूट असल्याचे लिहिले होते. त्यावर विसंबून लाखो शिक्षक निर्धास्त राहिले. शासनानेही पंधरा वर्षे त्यांना वेगळे काही सांगितले नाही. १९९८ किंवा २००४ साली त्या वेळच्या सर्व अटी पूर्ण करून जो सेवेत आला, आदिवासी पाड्यावर पावसाळ्यात ओढा ओलांडून ज्याने वर्ग चालविला, मतदारयाद्या, जनगणना, सर्वेक्षणे आणि खिचडीचा हिशेब यांत ज्याचे अर्धे आयुष्य सरकारनेच खर्ची पाडले, त्याला पन्नाशीत ‘तू पात्र आहेस काय?’ असे विचारले जाते, तेव्हा त्याच्या मनाला होणारी जखम खरी आहे. आपण जो शब्द वर करार म्हणून गौरविला, तो शासनाने त्याच्याशीही केला होता आणि पाळला नाही.

परंतु गाऱ्हाणे खरे म्हणून मागणी खरी ठरत नाही. ‘टीईटीच नको, कायदाच बदला, सर्वांना सरसकट सूट द्या’ ही संघटनांची मागणी विद्यार्थ्याच्या बाजूने एकदा तपासून पाहा. ही परीक्षा आहे तरी काय? दीडशे प्रश्न, दीडशे गुण. पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास. ज्या विषयांचे तास तो रोज घेतो, तेच विषय. उत्तीर्ण होण्यास साठ टक्के गुण, आरक्षित घटकांना त्यातही सवलत. उत्तम शिक्षकाची पारख एवढ्याने होते असे कोणीच म्हणणार नाही. मुलांवरची माया, वाणीची ओघवती गोडी, चारित्र्याचा प्रभाव यांना पर्यायी प्रश्नांत पकडता येत नाही. परंतु ही परीक्षा कळस नव्हे, जोते आहे. जोत्याशिवाय कळस कोणी चढवला आहे काय?

आणि या परीक्षेचा महाराष्ट्रातला निकाल पाहा. आजवर उत्तीर्णांचे प्रमाण सामान्यतः दहा टक्क्यांच्या आतच राहिले आहे. हा आकडा पाहून ‘परीक्षा अवघड आहे’ असे म्हणणे सोपे आहे. अवघड प्रश्न वेगळा आहे : या परीक्षार्थींच्या हाती अध्यापनाची पदविका कोणी दिली? गावोगाव छत्र्यांप्रमाणे उगवलेली अध्यापक विद्यालये कोणाची होती, त्यांना मान्यता कोणी मिळवून दिल्या, प्रवेशासाठी जमिनी विकून आलेल्या शेतकऱ्यांचे पैसे कोणाच्या तिजोरीत गेले? शिक्षणसम्राटांची ती पेरणी आता न्यायालयांत उगवते आहे. अशा वेळी सरसकट सूट मागणे म्हणजे ज्यांनी फसविले त्यांना कायमचे मोकळे सोडणे होय.

आणखी एक गोष्ट. लाखो तरुण आज टीईटी उत्तीर्ण होऊन, अभियोग्यता चाचणी देऊन, पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसले आहेत. २०२५च्या मे-जूनमधील अभियोग्यता चाचणीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले. त्या चाचणीला अध्यापन पदविका-पदवीच्या अखेरच्या परीक्षेस बसलेल्यांनाही प्रवेश दिला गेला, मुदतीत गुणपत्रक सादर करण्याच्या अटीवर. ज्याच्या विद्यापीठाने निकाल वेळेत लावला तो मुदतीत बसणार, ज्याच्या विद्यापीठाने विलंब केला तो बाहेर पडणार आणि मग तो मुदतवाढ मागणार. ती दिली तर मुदत पाळणारा म्हणणार, ‘मग तारीख कशाला होती?’ दोघेही आपापल्या जागी बरोबर. एका कार्यालयाने विद्यापीठांच्या निकालांचे वेळापत्रक आधी पाहून तारीख ठरविली असती, तर हे भांडण जन्मालाच आले नसते.

एकाच देशात दोन मोजमापे

या वादाचे एक अंग आपल्याकडच्या चर्चेत सोयीस्करपणे टाळले जाते. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षणहक्क कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय दिला. परिणाम असा की, रस्त्याच्या एका बाजूच्या अनुदानित शाळेत टीईटी बंधनकारक आणि दुसऱ्या बाजूच्या अनुदानित शाळेत ऐच्छिक. दोन्ही शाळांचे वेतन एकाच तिजोरीतून. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात द्विसदस्य पीठाने २०१४च्या या भूमिकेविषयी गंभीर शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाने तिचा पुनर्विचार करावा, यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठविले.

आम्हांला याचे स्वागत करावेसे वाटते, आणि ते कोणाच्या द्वेषापोटी नव्हे. घटनेच्या अनुच्छेद ३०ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालविण्याचा हक्क दिला आहे. अपात्र शिक्षक नेमण्याचा हक्क कोणालाही दिलेला नाही. उर्दू शाळेच्या बाकावर बसलेले मूल या देशाचेच नागरिक आहे. त्याला गणित नीट न येणाऱ्या शिक्षकाच्या हवाली करण्याने त्याची कोणती संस्कृती जपली जाते? सवलतीचा लाभ संस्थाचालकाला मिळतो आणि तोटा मुलाच्या पदरी पडतो. नियम एकच असावा, असे म्हणणारा आज संकुचित ठरविला जातो आणि मुलामुलांत भेद करणारा उदार म्हणून मिरवतो, ही आपल्या वैचारिक जीवनाची शोकांतिका आहे. समान पात्रता ही त्या बालकाच्या बाजूने केलेली मागणी आहे, त्याच्याविरुद्ध नव्हे.

आपले अंगण

पण दुसऱ्याच्या अंगणातील केर मोजताना आपलेही अंगण झाडावे लागते. राष्ट्रीय विचारांच्या मंडळींनी चालविलेल्या शाळांची संख्या या राज्यात थोडी नाही. त्या शाळांत सर्व नेमणुका विहित पात्रतेनुसार होतात काय? ‘आपला कार्यकर्ता आहे, घरची परिस्थिती बेताची आहे, घेऊ सांभाळून’ अशा आपुलकीने एखादा अपात्र मुलगा आपणही वर्गावर उभा केला नाही काय? आपुलकी चांगली, पण तिची किंमत चाळीस मुलांनी मोजायची काय? शिवाय पुढे न्यायालयाचा आदेश येतो तेव्हा त्याच कार्यकर्त्याचा संसार उघड्यावर पडतो. ही आपुलकी नव्हे, हा आंधळेपणा आहे.

१८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, लवकरच आगरकर त्यांना येऊन मिळाले. त्यांच्या खिशात सरकारी अनुदान नव्हते. होती ती विद्वत्ता आणि व्रतस्थ वृत्ती. सरकारी शाळांच्या तोडीचे, किंबहुना सरस शिक्षण आपण देऊ शकतो, हे निकालांनी सिद्ध करून त्यांनी समाजाचा विश्वास मिळविला. राष्ट्रीय शिक्षणाचा पाया गुणवत्तेचा होता, सवलतीचा नव्हता. तो वारसा सांगणाऱ्यांनी नियमाच्या किमान पायरीलाच अडखळावे, हे शोभत नाही.

मध्यमवर्गीय पालकांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. आपण आपले मूल इंग्रजी शाळेत घातले, भरमसाट शुल्क भरले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचे काय होते, हा प्रश्न कायमचा मनातून काढून टाकला. पण त्या शुल्क घेणाऱ्या शाळेत शिकविणाऱ्या बाईंची पात्रता आपण कधी विचारली? पालकसभेत सहलीविषयी आणि गणवेशाविषयी तावातावाने बोलणारे आपण, शिक्षकांच्या पात्रतेची यादी दाखवा, असे म्हणायला कचरतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मूलही आपलेच आहे, असे मानणारा समाजच शासनाला जाब विचारू शकतो.

करावयाचे काय?

केवळ टीका करून थांबणे हे कार्यकर्त्याचे लक्षण नव्हे. मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, प्रत्येक भरतीच्या जाहिरातीत पात्रतेचा निर्णायक दिनांक एकच व ठळक असावा. तो विद्यापीठांच्या निकालांचे वेळापत्रक पाहून ठरवावा आणि जाहिरात निघाल्यावर कोणत्याही कारणाने बदलू नये. अपवाद करायचाच असेल, तर जाहिरात नव्याने काढून सर्वांना पुन्हा संधी द्यावी.

दुसरी, टीईटीचे वार्षिक दिनदर्शक ठरवावे. वर्षातून दोनदा, ठरलेल्या महिन्यांत परीक्षा व ठरलेल्या दिवसांत निकाल. ज्या वर्षी शासन परीक्षा घेणार नाही, ते वर्ष उमेदवाराच्या मुदतीत धरू नये. मुदत पाळण्याचे बंधन आधी शासनावर, मग शिक्षकावर.

तिसरी, सेवेतील ज्येष्ठ शिक्षकांना सूट नव्हे, साह्य द्यावे. परीक्षेपूर्वी अभ्यासासाठी रजा, तालुका पातळीवर मार्गदर्शनवर्ग आणि या काळापुरती अशैक्षणिक कामांतून मुक्तता एवढे केले, तरी प्रामाणिक शिक्षक ही पायरी सहज चढेल. आपल्या विचारांच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी आणि प्राध्यापकांनी असे वर्ग विनामूल्य चालवावेत; ही सेवा कोणत्याही शिबिराइतकीच मोलाची आहे.

चौथी, अपात्राला नेमणारा संस्थाचालक आणि मान्यता देणारा अधिकारी यांच्यावर वैयक्तिक जबाबदारी निश्चित करावी. आजवर शिक्षा फक्त शेवटच्या माणसाला झाली. दोन संस्थाचालकांकडून वसुली झाली आणि दोन अधिकाऱ्यांच्या सेवापुस्तकावर नोंद झाली, तर अपात्र नेमणुकांचा बाजार आपोआप उठेल.

हे सारे अवघड नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. लागते ती एकच गोष्ट : स्वतः जाहीर केलेल्या तारखेची शासनाला लाज वाटणे.

वर्गात गुरुजी मुलांना सांगतात, ‘गृहपाठ उद्या सकाळी दहाच्या आत.’ जो मुलगा रात्री जागून तो पुरा करतो, त्याच्या देखत दुसऱ्याला ‘राहू दे, परवा आण’ असे म्हटले, तर तिसऱ्या दिवशी गृहपाठ कोणीच आणत नाही. गेली पंधरा वर्षे हा देश आपल्या शिक्षकांना ‘राहू दे, परवा आण’ असेच सांगत आला. जो तरुण आजही वेळेत गृहपाठ घेऊन दारात उभा आहे, त्याला आत घेण्याची तारीख मात्र अजून कोणी जाहीर केलेली नाही.